दाढेतला पू गळ्यात उतरण्याआधी

दाढदुखीने कुणी मरतं का, असं हिंगोलीच्या बाजारात विचारलं तर माणसं हसतील. ठणका सगळ्यांनीच कधी ना कधी सोसलेला असतो, पण त्याची गणना आजारात होत नाही. ताप आला तर दवाखाना, साप चावला तर दवाखाना. दाढ दुखली तर लवंग, फार तर मेडिकलवरच्या दोन गोळ्या. तरीही मोठ्या रुग्णालयांच्या कान-नाक-घशाच्या आणि मुखशल्यचिकित्सेच्या वॉर्डांत अशी माणसं दाखल होत असतात: आठवड्यापूर्वी दाढ दुखत होती, आज श्वास घेता येत नाही.

दाताच्या मुळाशी सुरू होऊन गळा, छाती, डोळा किंवा मेंदूपर्यंत पोचणारा जंतुसंसर्ग हा या आढाव्याचा विषय. तो पसरतो कसा, कुणाला जास्त गाठतो, उपचारांत कशावर एकमत आहे आणि कशावर नाही, आणि सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहणाऱ्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तो अडवायचा कुठे, हे इथे एकत्र पाहायचं आहे. निष्कर्ष आधीच सांगायचा तर असा: हा आजार थोपवायला नवं औषध लागत नाही आणि नवं संशोधनही लागत नाही. पू वेळेवर बाहेर काढावा लागतो आणि त्याचं मूळ असलेली दाढ हाताळावी लागते. आपल्याकडे नेमकं हेच लांबणीवर पडतं.

ठणका थांबला, आजार नाही

दाताच्या टणक कवचाआड नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गर असतो. कीड कवच पोखरून गरापर्यंत पोचली की ठणका लागतो. थंड-गरम सोसवत नाही, रात्री आडवं झालं की वेदना वाढते. काही दिवसांनी गर मरतो आणि ठणका एकाएकी थांबतो. बहुतेकांची फसगत इथेच होते. दुखायचं थांबलं म्हणून दवाखाना टळतो. मेलेल्या गरात मात्र जंतू वाढत राहतात, मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथे पू धरतो.

त्या पुवाला बाहेर पडायला वाट हवी असते. शेतातलं पाणी जसं बांध कच्चा असेल तिथून फुटतं, तसा हा पू जबड्याचं हाड पातळ असेल तिथून फुटतो. हिरडीवर फोड येऊन तो तोंडात फुटला तर रुग्ण नशीबवान. पण खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, तोंडाचा तळ पेलणारा एक पसरट स्नायू चिकटलेला असतो. खालच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेची मुळं बहुधा या स्नायूच्या खालपर्यंत गेलेली असतात. त्यामुळे त्यांचा पू तोंडात न येता जबड्याखाली, गळ्याकडे उतरतो. त्यांच्या पुढच्या दातांचा पू स्नायूच्या वर राहून जिभेखाली साचतो. वरच्या सुळ्याचं मूळ लांब असतं. त्याच्या पुवाने नाकाच्या कडेपासून डोळ्याच्या खालच्या पापणीपर्यंत सूज चढते. वरच्या दाढांची मुळं गालामागच्या सायनसच्या पोकळीला भिडलेली असतात. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दात तपासायला सांगावं, ते यासाठीच.

अक्कलदाढेची तऱ्हा वेगळी. अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीचं झाकण राहतं, त्याखाली अन्न अडकून कुजतं. संसर्ग चावण्याच्या स्नायूंत शिरला की जबडा आखडतो आणि तोंड उघडेनासं होतं. हे दुखणं जुनंच. सुश्रुतसंहितेत तोंडाचे ६५ रोग सांगितले आहेत, त्यांतले १५ दंतमुळांचे. शेवटच्या दाढेपाशी येणारी मोठी सूज, तीव्र वेदना आणि गळणारी लाळ यांचं वर्णन तिथे ‘अधिमांसक’ या नावाने येतं.

या पुवात एकच जंतू नसतो. तोंडात एरवी निमूट नांदणारे स्ट्रेप्टोकोकाय आणि हवेशिवाय वाढणारे प्रिव्होटेला, फ्युजोबॅक्टेरियम यांची ती सरमिसळ असते. आधीचे मांसातून वाट काढतात आणि नुसती सूज येते. मागून येणारे पू धरतात. सूज दोन दिवसांत कडक होऊन पसरू लागली तर हा प्रवास सुरू झाला, असं समजायचं.

गळा, छाती, डोळा, मेंदू

जर्मनीतल्या श्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग यांनी १८३६ साली अशा रुग्णांची नोंद केली. जबड्याखाली दोन्ही बाजूंना टणक सूज, जीभ वर उचलली जाऊन मागे ढकललेली, लाळही गिळता येत नाही, आवाज बदललेला, आडवं होताच गुदमरायला होतं. या अवस्थेला आजही ‘लुडविग अँजायना’ म्हणतात. तिची सुरुवात बहुतेक वेळा खालच्या दाढेपासून होते. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आता हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आलं आहे, ते औषधांइतकंच श्वासमार्ग वेळेवर मोकळा ठेवण्याच्या कौशल्यामुळे.

गळ्यात उतरलेला पू तिथेच थांबेल याची खात्री नसते. गळ्यामागच्या आवरणांमधल्या सैल जागांतून तो छातीत, हृदयाच्या आसपास पोचतो, आणि मग छाती उघडण्याची वेळ येऊ शकते. वरच्या दातांचा संसर्ग चेहऱ्याच्या शिरांतून उलटा चढून मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांच्या जाळ्यात गुठळी करू शकतो. त्यात डोळा सुजून बाहेर येतो, नजर दुहेरी होते. क्वचित मेंदूत गळू होतं. काही रुग्णांत, विशेषतः साखर वाढलेली असेल तर, गळ्याची कातडी आणि खालचं मांस भराभर सडत जातं. हे सगळे प्रकार विरळा आहेत. पण यांतला प्रत्येक प्रकार एका साध्या दाढेपासून सुरू होतो आणि पहिल्या टप्प्यावर टाळता येतो.

श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात फेब्रुवारी २००७ मध्ये १२ वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दाताचा संसर्ग मेंदूत गेल्याने दगावला. दात काढायला सुमारे ८० डॉलर पुरले असते. मेंदूच्या शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातला मुक्काम यांचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला. कुटुंब गरीब होतं आणि सरकारी विम्यावर दाताचा डॉक्टर मिळणं कठीण होतं. त्या मृत्यूनंतर तिथे गरीब मुलांच्या दंतसेवेचे नियम बदलले. ब्रिटनमध्ये १९९८-९९ ते २००५-०६ या काळात दाताच्या गळवावरील शस्त्रक्रियेसाठी दाखल होणाऱ्यांची संख्या दुपटीवर गेल्याचं २००८ मध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. स्वस्त दंतसेवा हाताशी राहिली नाही की दाताचे रुग्ण थेट शस्त्रक्रियागृहात पोचतात, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

हिंगोलीत जोखीम कुणाला

भारतात दातांच्या आजारांची मोठी राष्ट्रीय पाहणी भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केली. पाच वर्षांच्या मुलांत ५१.९ टक्के, बारा वर्षांच्या मुलांत ५३.८ टक्के आणि ३५ ते ४४ वयोगटात ८०.२ टक्के लोकांच्या दातांना कीड आढळली. ही पाहणी जुनी आहे, पण बिस्किटं, गोड चहा आणि पाच-दहा रुपयांची पाकिटं खेड्यापाड्यांत त्यानंतरच अधिक पोचली. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. एवढ्या लोकांत किडलेल्या दाढा किती असतील, याचा अंदाज वाचकाने करावा.

सगळ्या किडलेल्या दाढा गळ्यात उतरत नाहीत. ज्यांची उतरते त्यांच्यात मधुमेह वारंवार आढळतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशींची लढण्याची ताकद घटते, आणि संसर्गामुळे साखर आणखी चढते. अनेकांना आपल्याला मधुमेह असल्याचं गळा सुजून दाखल झाल्यावरच कळतं.

दुसरा घटक तंबाखू आणि सुपारीचा. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरत होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी तंबाखू-चुना, खर्रा आणि बायकांची मशेरी चालूच आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी ताठरते आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. अशा माणसाची अक्कलदाढ पिकली तर तीन अडचणी एकदम उभ्या राहतात. जबडा आता सुजेने आखडला की आधीपासूनच आखडलेला होता, हे त्यालाच सांगता येत नाही. दाताच्या डॉक्टरला दाढेपर्यंत पोचता येत नाही. आणि भूलतज्ज्ञाला श्वासनळीत नळी घालताना घाम फुटतो. त्यात आणखी एक गफलत होते: न बरी होणारी सूज संसर्गाची समजून गोळ्या घेत राहायचं आणि ती निघते कर्करोगाची. तीन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा न ओसरलेली गाठ तपासून घ्यायलाच हवी.

तिसरा गट लहान मुलांचा. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून किडू दिले जातात. पण मुलाचा चेहरा एका रात्रीत सुजतो, खाणं-पिणं बंद होतं आणि ताप चढतो. चौथा गट गरोदर बायकांचा. पोटात बाळ आहे, दाताला हात लावू नका, असं घरचेही सांगतात आणि कधी कधी डॉक्टरही. वास्तविक गरोदरपणात दाताचे उपचार करता येतात, विशेषतः मधल्या तीन महिन्यांत. पू झाला असेल तर तो काढायला महिना पाहायचा नसतो. पाचवा गट ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचा. फडावर असताना दाढ पिकली तर मजुरी बुडवून अनोळखी गावात डॉक्टर शोधण्यापेक्षा गोळी खाऊन कोयता चालवणंच परवडतं.

याच्याशी मिळत्याजुळत्या आजाराचं भयंकर रूप मराठवाड्याने २०२१ मध्ये पाहिलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, रुग्ण आले. ती दाढेतल्या जंतूंची लागण नव्हती. नाकातून शिरणारी बुरशी होती. पण रुग्णांच्या पहिल्या तक्रारी ओळखीच्या होत्या: वरचे दात दुखतात, हलतात, टाळू काळी पडली, गालाला बधिरपणा आला. मधुमेह आणि स्टेरॉइड एकत्र आले तिथे ती फोफावली. अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला, काहींचा डोळाही. सरकारने मे २०२१ मध्ये तिचा उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आणला. कान-नाक-घसा, नेत्र, दंत आणि भूल या विभागांचे डॉक्टर एकाच रुग्णाभोवती उभे राहिले तर काय साधतं, हे त्या महिन्यांनी दाखवलं. ती सवय मोडू न देणं आपल्या हातात होतं आणि आहे.

मेडिकलच्या गोळीचा हिशोब

दाढ दुखली की पहिली पायरी घरची असते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या चांगल्या. लवंगेच्या तेलाने ठणका तात्पुरता उतरतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा अभिमान जरूर बाळगावा; पण गालावर हळदीचा लेप लावून जबड्यातला पू निघत नाही. बाहेरून शेक देणं तर टाळावंच, कारण पू गालाच्या कातडीकडे ओढला जातो. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले ‘किडे’ पाडून दाखवणारेही आहेत. ते किडे दाढेतले नसतात. दाताची कीड म्हणजे वळवळणारी अळी नव्हेच.

दुसरी पायरी मेडिकलची. वेदनाशामक आणि प्रतिजैविक मिळून दोन-तीन दिवसांच्या गोळ्या घेतल्या की सूज थोडी उतरते, कामावर जाता येतं, आणि महिन्याने तीच दाढ पुन्हा सुजते. पुवाच्या पिशवीत रक्त नीट पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही. अमेरिकन दंत संघटनेने नोव्हेंबर २०१९ मध्ये या विषयावरचा पुरावा तपासून शिफारस केली: तब्येत धडधाकट असेल आणि दाताचा उपचार लगेच मिळत असेल, तर बहुतेक दाढदुखीत आणि मुळाशी मर्यादित असलेल्या पुवातही प्रतिजैविकाची गरज नसते. ताप असेल, सूज पसरत असेल, तर ते द्यावंच, पण दाताच्या उपचारासोबत, त्याच्याऐवजी नव्हे. गोळी दिल्यावर तीन दिवसांनी रुग्ण पुन्हा पाहावा, असंही त्यात आहे.

हिंगोलीतला पेच ‘लगेच मिळत असेल’ या अटीत आहे. दाताची खुर्ची पन्नास किलोमीटरवर असेल तर गावातला डॉक्टर गोळी देणारच. त्याला दोष देण्यापेक्षा गोळीबरोबर दाताच्या डॉक्टरची तारीख दिली जाते का, हे पाहायला हवं. सुजेवर स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन चेहरा एका दिवसात उतरवणं मात्र धोक्याचंच. मधुमेह असेल तर साखर भडकते आणि खाली पू वाढत राहतो.

एकमत कुठे, वाद कुठे

पसरलेल्या संसर्गाच्या उपचाराचा क्रम आता जवळपास सर्वमान्य आहे. आधी श्वासमार्ग, मग पू काढणं, मग संसर्गाचं मूळ असलेला दात काढणं किंवा त्याचं रूट कॅनल, आणि या सगळ्याच्या जोडीला शिरेतून प्रतिजैविक, सलाईन आणि साखरेवर ताबा. गळ्यात पू किती खोल गेला हे बाहेरून कळत नाही, म्हणून सीटी स्कॅन लागतो. पण गुदमरणाऱ्या रुग्णाला स्कॅनच्या टेबलावर आडवं करणं जिवावर बेतू शकतं. आधी श्वासाची सोय, नंतर स्कॅन.

वाद आहेत ते तपशिलांत. जागेपणी दुर्बिणीच्या साहाय्याने श्वासनळीत नळी घालावी, की स्थानिक भूल देऊन गळ्याला छिद्र पाडून मोकळं व्हावं? जिथे अनुभवी भूलतज्ज्ञ आणि दुर्बीण आहे तिथे पहिला मार्ग पसंत केला जातो; जिथे नाही तिथे दुसरा अधिक भरवशाचा ठरतो. पू स्पष्ट धरला नसताना नुसत्या टणक सुजेवर चिरा द्यावा का, यावरही शल्यचिकित्सकांत दोन मतं आहेत. वेळेत चिरा दिल्याने दाब कमी होतो असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू औषधं देऊन काही तास बारकाईने पाहण्याच्या बाजूची.

एका वादाचा निकाल मात्र लागल्यात जमा आहे. ‘सूज उतरू द्या, मग दाढ काढू’ असं रुग्ण वर्षानुवर्षं ऐकत आले. पुरावा उलट दिशेने जातो: मूळ लवकर काढलं की संसर्ग लवकर उतरतो. सुजेत भूल नीट चढत नाही, तोंड उघडत नाही, या अडचणी खऱ्या आहेत. पण त्यांच्यावरचा इलाज मोठ्या केंद्रात पाठवणं हा आहे, पंधरा दिवस थांबणं हा नव्हे. वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीतीही निराधार आहे. डोळ्याला धोका असतो तो आत ठेवलेल्या पुवाचा.

सेनगावपासून नांदेडपर्यंत

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात पाच तालुके आणि सातशेहून अधिक गावं आहेत. गावातला रुग्ण आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. तिथे सहसा दंतचिकित्सक नसतो. त्यानंतर ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं, मग हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय. त्याला जोडून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४ मध्ये १०० जागांची मंजुरी मिळाली. गळ्यात पू उतरलेला रुग्ण आजवर बहुधा नांदेडला, डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, धाडावा लागत आला. शासकीय दंत महाविद्यालय गाठायचं तर छत्रपती संभाजीनगर दोनशे किलोमीटरहून दूर. श्वास अडकलेल्या माणसासाठी हे अंतर फार आहे.

योजना कागदावर कमी नाहीत. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. शाळा-अंगणवाड्यांतल्या मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत दातांचे विकार आहेत. राज्याने २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर यांना सदिच्छादूत करून ‘स्वच्छ मुख अभियान’ सुरू केलं. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते. जनआरोग्य योजनेचं छत्र आता राज्यातल्या सर्व कुटुंबांवर, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे; मात्र तिच्यात ठरावीक उपचारच बसतात, म्हणून दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं किंवा १५५३८८ वर फोन करावा.

या सगळ्यांत सांधा जुळत नाही तो दाढ दुखण्याच्या तिसऱ्या दिवशी. तो जुळवायला मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्याचे सहाही दिवस दाढ काढणं आणि हिरडीतला पू मोकळा करणं झालं पाहिजे. त्याला खुर्ची, निर्जंतुक हत्यारं, भुलीचं इंजेक्शन आणि एक दंतचिकित्सक पुरतो. शाळातपासणीत किडका दात सापडला तर पुढची तारीख त्याच दिवशी पालकाच्या हाती पडावी. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात पायांबरोबर तोंडही पाहिलं जावं. आशाताईंना धोक्याची लक्षणं शिकवली जावीत. आणि हिंगोलीच्या नव्या महाविद्यालयात अवघड श्वासमार्ग हाताळणारा भूलतज्ज्ञ आणि मुखशल्यचिकित्सक रात्रीही मिळेल, अशी व्यवस्था पहिल्या काही वर्षांतच बसवली जावी. ती बसली तर नांदेडची वाट अनेकांची वाचेल.

वाचकांनी घरात एवढं लक्षात ठेवावं. तोंडात स्वतःची दोन बोटं उभी मावत नाहीत, गिळताना दुखतं किंवा लाळ गळते, जबड्याखालची सूज गळ्याकडे सरकते, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, आवाज बदलला, डोळा सुजला, ताप आहे किंवा रुग्ण सुस्तावला आहे. यांतलं एक जरी लक्षण असेल तर गोळी शोधत बसू नका. रुग्णाला आडवं न करता बसवून ठेवा, १०८ ला फोन करा आणि भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयातच न्या. आणि ही लक्षणं दिसण्याची वेळ येऊ द्यायची नसेल, तर ठणका थांबलेली दाढ या आठवड्यात दाखवून घ्या.